गाव पुरं हाय

माझे सासरे शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, ‘आमचे जावई फायर ब्रिगेडमध्ये आहेत.’ मी कधी ते दुरुस्त केलं नाही. खरं काय ते समजावून सांगायला अर्धा तास लागायचा, आणि तेवढं ऐकून झाल्यावरही समोरचा विचारायचा, ‘बरं, पण आग लागली की येता ना तुम्ही?’

मी येत नसे. माझं काम आग लागायच्या आधीचं. एका स्वयंसेवी संस्थेत मी वीसेक वर्षं गावोगावच्या लोकांना संकटात काय करायचं ते शिकवत हिंडलो. जुन्नर आणि आंबेगाव हे माझे दोन तालुके. घोडेगावात एक भाड्याची खोली होती. तिच्यात दोर, बांबू, पट्ट्यांचे गठ्ठे, एक कर्णा आणि मी. त्याआधी होमगार्डमध्ये कवायत शिकवायचो, त्यामुळे आवाज मोठा आणि स्वभाव तापट, या दोन गोष्टी आयत्याच आल्या होत्या. लातूरकडे भूकंप झाला आणि नंतर काही वर्षं आपत्ती या शब्दाला एकदम भाव आला. जिथं तिथं समित्या निघाल्या. समिती निघाली की तिला शिकवायला कुणीतरी लागतं. तो मी.

धंदा समजायला सोपा आहे. दरड कोसळली, पूर आला, वस्ती पेटली, तर बाहेरची मदत पोचायला वेळ लागतो. डोंगरातल्या वाड्यांवर चांगल्या दिवसांतसुद्धा एसटी वेळेवर पोचत नाही, तिथं संकटात कोण पोचणार? तेव्हा पहिल्या काही तासांत जे काही करायचं ते जिथले तिथल्यांनीच करायचं. म्हणून प्रत्येक गावात आम्ही पाच पथकं करायचो. एक इशारा देणारं, एक लोकांना शोधून बाहेर काढणारं, एक मलमपट्टीचं, एक निवाऱ्याचं आणि एक मोजणीचं. ही पथकं वर्षातून एकदा सगळं खोटं खोटं करून बघायची. सरकारी भाषेत याला रंगीत तालीम म्हणतात, आणि ती खरोखरच रंगीत व्हायची.

पथक निवडताना पहिली पंचाईत भावकीची. दोर ओढायला मला तगडी माणसं हवी असायची. गावाला हवा असायचा प्रत्येक भावकीतला एक माणूस. मग एका गावात माझ्या शोध पथकात साठीच्या पुढचे चार जण भरले. दोर हातात घ्यायच्या आधी चौघांनी टोप्या नीट केल्या आणि फोटो कधी काढणार ते विचारलं. मी सरपंचांना म्हणालो, ‘अहो, यांनाच बाहेर काढायला एक पथक लागेल.’ सरपंच म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या सर. नाव वगळलं तर उद्या खरी आपत्ती व्हईल.’

जुन्नरजवळच्या एका गावात तालमीसाठी तीन जखमी आणि एक मयत पाहिजे होता. जखमी व्हायला झुंबड उडाली. मयत व्हायला कुणी तयार होईना. सोंग करता करता खरं व्हायचं, ही भीती. शेवटी एक ऐंशीच्या घरातले बाबा उठले आणि म्हणाले, ‘मला करा. माझी जरा तालीम झालेली बरी.’ त्यांना ताडपत्रीखाली निजवलं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, आणि पाहुणे आल्याशिवाय भूकंप सुरू करायचा नाही असं ठरलेलं. पाहुणे आले, हार झाले, भूकंप झाला, जखमी उचलले. मयताची ताडपत्री उघडली तर बाबा गाढ झोपलेले. भज्यांचा वास आला तेव्हा आपले आपण उठले.

खोडदला तर शिकवणाऱ्यांचीच तालीम झाली. तिथं शेतांच्या कडेला त्या प्रचंड मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या छत्र्या उभ्या आहेत. एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘ह्या छत्र्यांना आभाळातलं समदं ऐकू येतं म्हणत्यात. मग जमिनीतलं का येत न्हाई? भूकंप आधी कळाया नको?’ दुर्बिणीवर नोकरीला असलेले एक गृहस्थ शिबिराला आले होते. त्यांनी अर्धा तास मन लावून समजावून सांगितलं. शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘म्हंजी न्हाई येत. असं सरळ सांगा की राव.’

असे किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत, आणि चार माणसांत ते सांगून मी बरीच वर्षं मजेत काढली. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की हे किस्से मी सांगतो ते दुसरं काही सांगायला लागू नये म्हणून. आता वय झालं. ते दुसरंही लिहून टाकतो.

ते मोजणीच्या पथकाचं आहे.

पाच पथकांत सगळ्यांना कमी वाटायचं ते हेच. यात दोर नाही, शिडी नाही, फोटो नाही. एक वही आणि एक पेन्सिल. पण माझा सगळ्यात जास्त जीव त्याच पथकावर होता. कारण माणूस कमी आहे हे कळल्याशिवाय शोधायला कोण जाणार? आणि कुणीच कमी नसताना आत शिरलेला माणूस फुकट मरतो. दरड एकदा येऊन थांबत नाही, मागून पुन्हा येते. म्हणून माझा नियम पक्का होता. घंटा झाली की सगळ्यांनी निवाऱ्याच्या जागी जमायचं. वहीत घरवार नावं लिहिलेली. एकेका घराचा पुकारा करायचा, हजर त्याच्यापुढं खूण करायची. गावाला गेला असेल तर घरच्यांना विचारून ‘बाहेरगावी’ लिहायचं. कुणी कमी भरला तर शोध पथकानं निघायचं. सगळे भरले तर मोजणीवाल्यानं मोठ्यानं ओरडायचं, ‘गाव पुरं हाय!’ त्यानंतर कुणीही, कुठल्याही कारणानं, मागं फिरायचं नाही.

यादी खरी ठेवायची, हे मी घसा ताणून सांगायचो. ‘जन्मलेलं त्याच दिवशी लिहायचं. आणलेली सून त्याच दिवशी लिहायची. आणि मेलेला न् दिलेली, दोन्ही नावं त्याच दिवशी कापायची!’ यावर हमखास हशा पिकायचा. बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या. दिलेली म्हणजे लग्न करून सासरी पाठवलेली लेक. ते वाक्य माझं मलाच इतकं आवडायचं, की मी ते प्रत्येक शिबिरात म्हणायचो.

याद्यांबद्दल मला स्वतःचा अभिमानही होता. कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका गावात ऊसतोडणी कामगारांच्या पाचटाच्या कोप्या वहीत नव्हत्या. ‘ती काय आपल्या गावची हायेत व्हय?’ असं कुणीतरी म्हणालं. मी टेबलावर हात आपटून भांडलो आणि त्या कोप्या यादीत घालायला लावल्या. परतताना एसटीत बसून स्वतःवर खूश होतो. आपल्या नजरेतून कुणी सुटत नाही, असं वाटलं.

आंबेगावच्या पश्चिमेला, घोडेगावहून एसटीनं दीडेक तासावर एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही. डोंगराच्या पोटाला धरून चाळीसेक घरं, भाताची खाचरं, पलीकडच्या सपाटीवर शाळा, आणि गावापासून थोडं लांब, फाट्यावर, एसटीचा थांबा. तिथल्या मोजणी पथकाची प्रमुख वंदना नावाची मुलगी होती. दहावी झालेली, बारीक अंगाची, आणि कुणाच्या बापाला न भिणारी. वडील नव्हते. आई हौसाबाई आणि थोरला भाऊ दत्तू. पहिल्या शिबिरात सरपंच तिला म्हणाले, ‘आमच्या घरची समदी हायेत गं, लिव.’ ती म्हणाली, ‘नाना, दिसल्याबिगर मी खूण करनार न्हाई. घरात हुडकून आना.’ नाना उठले आणि खरोखरच घरी जाऊन म्हाताऱ्या आईला घेऊन आले. वीस वर्षांत असा मोजणीवाला मला दुसरा मिळाला नाही. वही तिनंच आखली होती, नावं तिच्या अक्षरात होती. तिच्या वाडीची मोजणी माझ्या सगळ्या गावांत सगळ्यात आधी संपायची. दुसऱ्या गावांत मी तिचं उदाहरण द्यायचो.

तिचं लग्न ठरलं. सासर जुन्नर तालुक्यातलं. हळदीच्या आधी दोन दिवस मी तिथं गेलो होतो, वही ताब्यात घेऊन शाळेच्या गुरुजींकडे द्यायला. तिनं वही उघडली, स्वतःच्या घराचं पान काढलं आणि पट्टी लावून आपलं नाव सरळ रेघेनं कापलं. खाली तारीख घातली.

मी म्हणालो, ‘अगं, अजून दोन दिवस आहेत.’

‘नंतर कोन कापनार सर? गुरुजी इसरतील. यादी खरी पाहिजे ना?’ मग हसली आणि म्हणाली, ‘पन सर, म्या सनाला म्हायेरी आले तर? तवा कुठं लिवायचं मला?’

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘आलीस तर मोजायला बस. तुझ्याइतकं चांगलं कोण मोजतं इथं?’ सगळे हसले. तीही हसली. प्रश्न तिथंच राहिला.

आमच्या भागात श्रावणात, पंचमीला लेकी माहेरी येतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी स्वतःची मुलगी दर पंचमीला माझ्या घरी येऊन चार दिवस राहायची. आणि आमच्या डोंगरात दरडी कधी येतात? श्रावणातच. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत पडून राहिल्या. परक्या मजुरांना यादीत घालायला भांडणारा मी. आपल्याच लेकींना कुठं लिहायचं, हे मला सुचलं नाही. वहीत ‘बाहेरगावी’ असा रकाना होता. ‘बाहेरून आलेले’ असा नव्हता.

तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीची गोष्ट. आठ दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. पंचमी होऊन तीन दिवस झाले होते. दुपारी तीनच्या सुमाराला गुरं वळणाऱ्या एका माणसाला वरच्या बाजूला जमिनीत हातभर रुंदीची भेग दिसली. तो बोंबलत खाली आला. गुरुजींनी शाळेची घंटा बडवली. आणि त्या वाडीनं पुढं जे केलं ते तुम्ही कुठल्याही पुस्तकात घाला, इतकं चोख केलं. गुरं सोडली, म्हातारीकोतारी पाठीवर घेतली, चुली विझवल्या, आणि सगळी वाडी पलीकडच्या शाळेत. गुरुजींनी वही काढली. माहेरी गेलेल्या सुनांपुढं ‘बाहेरगावी’ लिहिलं. दहा-बारा आलेल्या लेकी पोरंबाळं घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्यापुढं कुणी वही धरली नाही, त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हौसाबाईंच्या घराचा पुकारा झाला. हौसाबाई हजर, दत्तू हजर, दत्तूची बायको बाहेरगावी. तिच्याखालचं नाव कापलेलं.

‘गाव पुरं हाय!’ गुरुजी ओरडले. आणि पाचच मिनिटांत दरड आली.

वाडीच्या कडेची सात घरं गेली. दरडीचा दुसरा लोट खाली फाट्याच्या बाजूला उतरला. दत्तू आणि आणखी दोघं उठले होते, फाट्याकडचे गोठे बघून येतो म्हणून. गुरुजींनी दारात आडवं होऊन त्यांना अडवलं. ‘सरांनी काय सांगितलंय? गाव पुरं झाल्यावर कुणीबी मागं फिरायचं न्हाई. जित्राबासाठी जीव देता का?’ बरोबरच होतं. त्या संध्याकाळी आणखी दोनदा माती खाली आली. गेले असते तर तिघंही गेले असते, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. गेले असतेच, असं काही नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. घाटात रस्ता बंद, फोन मुके. शेवटचे दोनेक कोस चिखलातून चालत गेलो. शाळेत शिरलो तर सगळी वाडी जिवंत. गुरुजींनी वही पुढं केली. पानापानावर खुणा. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला आता लाज वाटते. मी तिथंच बसून माझ्या हातानं अहवाल लिहिला. घरे सात, गोठे चार, जनावरे दोन. जीवितहानी निरंक. खाली सही केली आणि घोडेगावला निघालेल्या माणसाच्या हातात दिला. हौसाबाई मला भाकरी वाढायला आल्या. ‘वंदनीनं लिवलेली वही कामाला आली सर,’ म्हणाल्या. मी म्हणालो, ‘कळवा तिला. म्हणावं, सर शाबासकी देतायत.’ ‘सांगंन की. काल दुपारच्या यष्टीनं गेली ती. थोडक्यात चुकली बघा.’

त्या मुक्कामात मला शांत झोप लागली. तशी झोप पुन्हा लागलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण माणूस गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून शाळेत आला. वंदनाचा नवरा. एसटी बंद म्हणून मिळेल त्या वाहनानं आणि पायी आला होता. हौसाबाई त्याला पाणी द्यायला उठल्या. तो तांब्या हातात घेऊन इकडंतिकडं बघत म्हणाला, ‘दरड आली असं ऐकलं, म्हणून आलो. वंदना कुठाय?’

हौसाबाई म्हणाल्या, ‘आसं काय करताय पावणं? ती तर परवाच्याला आली की तुमच्याकडं.’

तो म्हणाला, ‘आमच्याकडं न्हाई आली.’

एवढंच. मला आठवतं, मी उगीचच वही उघडली.

ती एसटी आलीच नव्हती. घाटात पडलेल्या दगडांमुळे ती वाटेतूनच माघारी फिरली होती. वाडीत कुणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, कारण थांबा लांब. वंदना पावसात थांब्यावर उभी राहिली असेल, मग शेजारच्या गोठ्यात आडोशाला शिरली असेल. घंटा तिला ऐकू आली की नाही, कोण सांगणार. सासरचे म्हणत होते, पाऊस आहे, माहेरीच थांबली असेल. माहेरचे म्हणत होते, पोचली असेल. इथल्या वहीत तिचं नाव नव्हतं, आणि तिथं तर वहीच नव्हती. दोन गावं आणि मधे एक बाई, आणि जवळजवळ दोन दिवस ती दोन्हीकडं हिशेबात नव्हती.

मग माझं शोध पथक निघालं. दोर, पहारी, बांबूंची डोली, सगळं शिकवल्याप्रमाणं. ते सामान शाळेत पहिल्या दिवसापासून तयार होतं. गोठ्याचं छप्पर आणि एक तुळई तिच्यावर आली होती. पाय तुळईखाली अडकला होता, बाकी अंग मोकळं होतं. दत्तूनं पत्रा उचलला आणि तसाच खाली बसला.

तिनं पदर फाडून मांडीला पट्टी बांधली होती. रक्त थांबवायला आम्ही शिकवतो तशी, जखमेच्या वर, काटकी घालून पिळलेली. आणि गाठ सपाट, सरळ, शिबिरात दाखवतो तशीच. मी ती गाठ बघितली. घाबरलेल्या माणसाला घाईत ती गाठ येत नाही. तिनं ती शांतपणानं बांधली होती. माणसं येतीलच या हिशेबानं बांधली होती. डॉक्टर म्हणाले, काही तास तरी जिवंत होती, कदाचित दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाट्यावरूनच वर चढलो होतो. पाऊस होता, ओढ्याचा आवाज होता. मी हाक मारली नाही. गाव पुरं आहे हे वाटेतच एकानं सांगितलं होतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘आपली परवाच गेली ना हो? पोचल्याचा फोन आला होता ना?’ आला होता. तरी तिनं उठून मुलीला पुन्हा फोन लावला.

मी दुसरा अहवाल लिहिला. वरच्या एका कार्यालयातल्या माणसानं तो वाचला, खरंच हळहळला, आणि म्हणाला, ‘पण सर, त्या तिथल्या रहिवासी नाहीत. त्यांची नोंद सासरच्या गावाला, त्या तालुक्यात होणार. तुमच्या वाडीचा आकडा निरंकच राहतो.’ त्यात खोटं काही नव्हतं. माझ्याच वहीचा नियम होता तो. मी मात्र तिथं ओरडलो, कागद फेकले, आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

पुढच्या वर्षी त्या वाडीचा सत्कार झाला. दरडीत एकही ग्रामस्थ न गमावलेलं गाव म्हणून. मला शाल आणि श्रीफळ. मी जाणार नव्हतो. गुरुजींचा निरोप आला, ‘तुम्ही आला नाहीत तर लोकांना वाटंल, चूक आमची झाली.’ म्हणून गेलो. मांडवात उभा राहिलो, शाल घेतली, टाळ्या झाल्या. भाषणात मी यादीत नवा रकाना घालायला सांगितलं, ‘बाहेरून आलेले’ असा. लेकी, पाहुणे, मजूर, सगळे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर मी अनेक गावांत तो रकाना आखून घेतला. जिथं जिथं पुन्हा गेलो तिथं तो कोरा. आखल्या दिवशीचं एखादं नाव, बस. पाहुणा आला की कुणी वही काढत नाही, चहा ठेवतं. आणि ‘मेलेला न् दिलेली’ हे वाक्य मी सोडलं तरी इतर प्रशिक्षकांनी उचललं होतं. ते अजूनही कुठं कुठं ऐकू येतं. हशा पिकतो.

आता बहुतेक गावांत आमचे दोर विहिरीवरची मोटर काढायला आहेत आणि कर्णे निवडणुकीला. लोकांना मी दोष देत नाही. संकट रोज येत नाही आणि मोटर रोज बिघडते. पण ज्यांनी मनापासून शिकून घेतलं, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही, तिथंच ते झालं. मला त्याचंच जास्त लागतं. मी वाईट शिकवलं असतं, वाडीनं हलगर्जीपणा केला असता, तर कुणीतरी एखादा फाट्याकडं गेलाच असता.

सत्काराच्या दिवशी मांडवातून मी हौसाबाईंच्या घरी गेलो. वर्षभर मला ते धाडस झालं नव्हतं. नवं पत्र्याचं घर होतं. त्या ओटीवर बसून तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्यानंच म्हणालो, ‘मावशी, चूक माझी आहे. तिनं मला विचारलं होतं, आले तर कुठं लिहायचं म्हणून. मी हसण्यावारी नेलं.’

त्यांनी सूप थांबवलं. ‘तुमची चूक कशी सर? तुमी शिकीवलं तसंच केलं समद्यांनी. कुनाचंबी काय चुकलं न्हाई.’

मग त्याच म्हणाल्या, ‘चुकलं ते माझं. ती म्हनत व्हती, आये, पाऊस लई हाय, आजच्या दिस ऱ्हाते. मीच म्हनले, चार दिस झाले, दिलेल्या लेकीनं जास्ती ऱ्हाऊ न्हाई, लोक नावं ठेवत्यात. पिशवीबी मीच भरून दिली.’ मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, ‘सर, तुमी ह्यातलं जानता म्हनून इचारते. ऱ्हाऊ दिली असती तर वाचली असती का हो?’

संकटात माणसाला खोटा धीर देऊ नका, असं मी वीस वर्षं शिकवलं.

‘नाही मावशी,’ मी म्हणालो. ‘नसती वाचली.’

त्या दिवशी त्या स्वतः आपल्या घरातून निघून, आपल्या पायांनी चालत शाळेत पोचल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग ‘बरं’ म्हणाल्या, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.